मुंबई महापालिकेतली युती: १०३-२६ पासून ८४-८२ पर्यंत

भाजपबरोबरच्या युतीत शिवसेनेची २५ वर्षे सडली, असे उद्धव ठाकरे २६ जानेवारी २०१७ ला गोरेगावच्या मेळाव्यात म्हणाले आणि स्वबळाची घोषणा झाली. पालिकेपुरता हिशेब मात्र जेमतेम २० वर्षांचा भरतो. १९८९ मध्ये बाळासाहेब आणि प्रमोद महाजन यांनी जुळवलेली युती लोकसभा-विधानसभेसाठी होती. १९९२ च्या पालिका निवडणुकीत दोघे वेगळे लढले, सत्ता काँग्रेस-रिपब्लिकनांकडे गेली आणि चंद्रकांत हंडोरे महापौर झाले.

१९९७ ला सेनेचे १०३ नगरसेवक आले, भाजपचे २६. थोरला कोण, हा प्रश्नच नव्हता. महापौरपद आणि स्थायी समिती सेनेकडे. भाजपच्या वाट्याला कधी उपमहापौरपद, कधी सुधार समिती. महापौर मानाचा, पण कंत्राटांचे प्रस्ताव मंजूर होतात स्थायीत, आणि २०१६-१७ चा पालिकेचा अर्थसंकल्प ३७ हजार कोटींवर होता. सेना ती खुर्ची का सोडत नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

पुढे सेना ९७, ८४, ७५ अशी उतरत गेली, तरी भाजपही २०१२ ला ३१ वरच होता. तोल फिरला तो २०१४ च्या विधानसभेला. जागावाटपावरून युती तुटली आणि मुंबईतल्या ३६ जागांपैकी भाजपने १५, सेनेने १४ जिंकल्या. धाकट्याला आपली ताकद कळली. राज्यात दोघे पुन्हा एकत्र नांदू लागले, पण २०१७ ला भाजपने पालिकेच्या २२७ पैकी ११४ जागा मागितल्या. सेना ६० द्यायला तयार होती. ‘पारदर्शकता’ आणि ‘माफिया’ हे शब्द प्रचारात गाजले खरे, पण युती मोडली ती या दोन आकड्यांमधल्या अंतरावर.

निकाल लागला सेना ८४, भाजप ८२. देवेंद्र फडणवीसांनी महापौरपदाच्या शर्यतीतून भाजपची माघार जाहीर केली. विरोधी पक्षनेतेपदही नको, आम्ही पारदर्शकतेचे पहारेकरी, अशी भूमिका घेतली. सेनेचे विश्वनाथ महाडेश्वर १७१ मते मिळवून महापौर झाले, म्हणजे पहारेकऱ्यांनीही त्यांनाच मत दिले होते. त्याच वर्षी मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांना सेनेने आपल्यात ओढून दोनचे अंतर वाढवले.

२०१९ ला राज्यातही काडीमोड झाला, तेव्हा भाजपला विरोधी पक्षनेतेपद आठवले. ते काँग्रेसच्या रवी राजांकडे होते. भाजप न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने २०२० मध्ये याचिका फेटाळली.