घरच्या घरी मोटारदेखभाल

मोटारीच्या मालकाने गॅरेजात न जाता स्वतःच्या हाताने केलेली गाडीची निगा, किरकोळ दुरुस्ती आणि छोटे-मोठे बदल. टायरची हवा पाहणे, ऑइल आणि फिल्टर बदलणे, बॅटरीचे टर्मिनल साफ करणे, वायपर, बल्ब, फ्यूज बदलणे, हॉर्न किंवा मागचा कॅमेरा बसवणे अशी कामे यात येतात. इंजिन उतरवणे, गिअरबॉक्स खोलणे, डेंटिंग-पेंटिंग ही यात मोडत नाहीत. रविवारी चहा झाल्यावर सुरू केलेले काम जेवणाच्या पानावर बसेपर्यंत आटोपले पाहिजे, एवढाच याचा आवाका.

युरोप-अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून माणसे गाडीखाली शिरतात. पुण्यात असताना ज्यांनी कधी पाना हातात धरला नव्हता असे कित्येक मराठी इंजिनिअर तिकडे गेल्यावर घरासमोर ऑइल बदलायला शिकतात ते याच कारणाने. महाराष्ट्रात हे कारण फारसे लागू पडत नाही. इथे ऑइल बदलायची मजुरी ऑइलच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. इथला मालक हात काळे करतो तो बहुधा संशयापोटी. सर्व्हिसिंगच्या बिलात ‘इंजिन फ्लशिंग’, ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’ अशा ओळी असतात, गाडी मात्र आत, मालकाला दिसत नाही अशा ठिकाणी उभी असते. एअर फिल्टर खरोखर बदलला की फुंकून परत बसवला, हे ज्याने एकदा स्वतः त्या डब्याच्या क्लिपा उघडल्या आहेत त्यालाच कळते. पुढे तो गाडी गॅरेजात टाकायला लागला तरी त्याच्याशी बोलताना मेकॅनिक जरा जपून बोलतो.

शब्द : या कामाची भाषा कारखान्यातून आणि गॅरेजातून आली आहे. पाना, रिंग पाना, गोटी पाना, पक्कड, पेचकस, वायसर ही हत्यारे-सामानाची नावे. बोल्टवरच्या चक्राकार खाचांना आटे म्हणतात आणि ते झिजले की ‘आटे गेले’. पाने आकड्याने मागतात : दहाचा, बाराचा, चौदाचा, म्हणजे नटाच्या दोन समांतर बाजूंमधले मिलिमीटर. जपानी घराण्याच्या गाड्यांची बरीचशी वरवरची कामे एवढ्या तीन पान्यांत होतात. जादा चाकाला आपण अजून ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास दोघा डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला, त्यावरून हे नाव पडले. इंग्लंडात ते केव्हाच मागे पडले, आपल्याकडे रिक्षावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी राहिले.

फियाटचा काळ : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली, १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. नाव बदलले तरी लोक तिला फियाटच म्हणत. परवाना-राज्यात नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवणे भाग होते. ती चालवायची तर तिच्या सवयी ठाऊक असणेही भाग होते.

या गाडीचे १,०८९ सीसीचे इंजिन बॉनेट उघडताच सगळे दिसे, आणि जे दिसे ते बहुतेक हाताने खोलता येई. गाडी सकाळी सुरू होईना तर आधी प्लग काढायचे, तारेच्या ब्रशने काजळी खरवडायची, मग डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डब्याची, टोपी दोन क्लिपा सोडवून उचलायची. आत एकमेकींवर टेकणाऱ्या दोन छोट्या धातूच्या टिकल्या असत, त्यांना ‘पॉइंट’ म्हणत. ठिणगी पडून पडून एका टिकलीवर खळगा आणि दुसरीवर टेंगूळ येई. पॉलिश पेपरची पट्टी दुमडून त्यांच्यामधून दोनचार वेळा ओढायची आणि मग अंतर लावायचे, साधारण अर्धा मिलिमीटर. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, असणारा मालक विरळा. बाकीचे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर भागवत. अंतर कमी-जास्त झाले की गाडी ‘मिसिंग’ करू लागे, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकू लागत, आणि ते कानाला कळे. वडील आत बसून किल्ली फिरवत आहेत, मुलगा बॉनेटखाली वाकून ‘हं, आता मारा’ म्हणतो आहे, हे दृश्य तेव्हाच्या कॉलन्यांत नेहमीचे होते.

घाटात वेगळीच गंमत. बोरघाट किंवा खंबाटकी चढताना उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीत वाफ धरे आणि गाडी बंद पडे. मग बॉनेट वर करून फ्यूएल पंपावर ओले फडके ठेवायचे, थर्मासातला चहा प्यायचा, आणि चहा संपेपर्यंत पंप निवला की पुन्हा निघायचे. फियाटवाल्यांच्या डिकीत पाण्याचा कॅन आणि एक मळका पंचा असेच.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, आणि रोजच्या रोज हात लावायची गरज नाही. ही सोय होती. पण मालकाची गाडीशी असलेली रोजची ओळख तिथूनच पातळ होऊ लागली. २००० च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन इंधन आत फवारण्याचे काम संगणकाकडे गेले, तेव्हा चोक, पॉइंट आणि ‘टायमिंग’ लावणे हे सगळेच कौशल्य निकामी झाले.

आजची कामे : टायरची हवा थंड असताना पाहावी, योग्य आकडा चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेला असतो, बहुतेक छोट्या गाड्यांत तो ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार अंक असतात, तेही वाचता यावेत : २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर संपला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे हे अंक एकदम चर्चेत आले. गावातल्या खड्ड्यांत ४० च्या वेगाने निभावून जाणारा जुना, कमी हवेचा टायर तापल्या सिमेंटवर १२० च्या वेगात निभावत नाही.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खरपुडी जमते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करावी, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. सोडवताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. उलटे केले आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर अशी ठिणगी पडते की पुन्हा क्रम विसरायला होत नाही. बंद गाडीत १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत सुमारे १४ व्होल्ट दिसले तर बॅटरी आणि ती भरणारा अल्टरनेटर दोन्ही ठीक आहेत असे समजावे. यासाठी दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

ऑइल बदलणे ही या छंदाची खरी मुंज. इंजिन पाचेक मिनिटे चालवून कोमट करायचे, म्हणजे ऑइल पातळ होऊन पूर्ण निथळते. गाडी जॅकवर घेतल्यावर खाली लोखंडी घोडे (जॅक स्टँड) लावल्याशिवाय आत शिरायचे नाही. नुसत्या जॅकवर विसंबून माणसे चिरडली गेली आहेत. घोडा नसेल तर हे काम करूच नये, आणि असला तरी स्टेपनी काढून बाजूच्या चौकटीखाली आडवी सारून ठेवावी. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचा, बोल्ट सैल झाला की शेवटचे दोन फेरे बोटांनी, बोल्ट वर दाबून धरत फिरवायचे आणि झटक्यात हात बाजूला घ्यायचा. नाहीतर काळे ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येते. बोल्टचा जुना वायसर (वॉशर) टाकून नवा घालायचा. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला बोटाने थोडे ऑइल लावायचे, तो नुसत्या हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पाऊण फेरा, बस. पाना लावायचा नाही. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन लिटर ऑइल मावते. कोणत्या ग्रेडचे, ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, दुकानदाराला विचारू नये. जास्त भरणे हे कमी भरण्याइतकेच वाईट.

बोल्ट किती आवळायचा, हा सगळ्यांचा घोळ. गळेल या भीतीने नवशिका जोर लावतो, आणि बऱ्याच गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असल्याने आटे निघून येतात. प्रस्तुत नोंदलेखकानेही पहिल्याच वेळी हे केले. नंतरचा आठवडा गाडी एका कोपऱ्यावरच्या गॅरेजात होती आणि मिस्त्रींनी पैशांपेक्षा टोमणेच जास्त घेतले. निथळलेले ऑइल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे. जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दिले तर तो ते पुढे पुनर्वापरासाठी विकतो.

ब्रेक, एअरबॅगची पिवळी जोडणी आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण यांना हौसेने हात लावू नये. ब्रेक ऑइलची पातळी पाहणे वेगळे आणि कॅलिपर खोलणे वेगळे.

पाऊस, गंज, उंदीर : कोकणात आणि मुंबईत गाडीचा खरा शत्रू किलोमीटर नसून पाणी आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की दार आतून कुजते. मे महिन्यात एक तार घेऊन ती मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम. पुढच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहराची पाने साचली तरी तेच : पाण्याला वाट न मिळाल्याने ते आत उतरते आणि जुलैत पायाखालची मॅट का भिजते याचा शोध सुरू होतो. गणपतीला गावी निघण्याआधीचा आठवडा वायपर, कूलंट, दिवे आणि स्टेपनी पाहण्याचा. स्टेपनीत हवा आहे का हे बहुतेकांना कशेडीच्या पुढे कळते.

उंदीर हा विषय पाश्चात्त्य पुस्तिकांत सहसा सापडत नाही, पण मराठी मोटारमालकाला त्यावर तासभर बोलता येते. उभ्या गाडीच्या उबेला उंदीर येतो आणि वायरी कुरतडतो. एक वायर तुटली तरी संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. उपाय म्हणून तंबाखूची पाने, डांबरगोळ्या, फिनेल, बॉनेटखाली दिवा असे सगळे चालते. तंबाखूचा वास दोन-चार दिवसांत उडतो आणि उंदीर परत येतो. खालून बारीक जाळी लावणे, गाडीत खाऊचे तुकडे न ठेवणे आणि गाडी रोज थोडी हलवणे, एवढेच काय ते लागू पडते.

छोटे बदल आणि कायदा : मॅट, मडफ्लॅप, डॅशकॅम, मागचा कॅमेरा यांना अडचण नाही. स्टिरिओ बसवताना मूळ वायर न कापता तयार कपलर वापरावा; वॉरंटीचे बहुतेक वाद कापलेल्या वायरीपासून सुरू होतात. सीटमध्ये एअरबॅग असेल तर बाजार-कव्हर तिचा मार्ग अडवते, हे दुकानदार सांगत नाही. हेडलाइटचा नेहमीचा दुहेरी हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा. त्याहून प्रखर बल्ब थेट मूळ वायरिंगवर टाकला तर होल्डर वितळतो, शिवाय समोरचा आंधळा होतो.

मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सीएनजी किट बसवले तर त्याची नोंद आरटीओत करावी लागते. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी आणली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

सुटे भाग आणि माहिती : पुण्यात नाना पेठ आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत कुर्ला ही या मंडळींची तीर्थे. मूळ भागाची पेटी आणि नकली पेटी यांतला फरक छपाईवरून ओळखणे ही कला आहे. भाग मिळाला तरी माहिती मिळेलच असे नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. मालकाच्या हाताशी आलेले सर्वांत उपयोगी साधन मात्र स्टिअरिंगखालचा सोळा पिनांचा ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकाला दोष विचारायचा, सॉकेट. त्यात छोटा ब्लूटूथ अडॅप्टर खोचला की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा कशाने लागला याचा कोड मोबाइलवर दिसतो. कोड म्हणजे निदान नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष सायलेन्सरच्या गळतीत निघाला, असे होते.

जागा : या छंदाची मोठी अडचण हत्यारांची नसून जागेची आहे. बंगल्याच्या आवारात वडील जे करत ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येत नाही. फरशीवर ऑइलचा एक डाग पडला की सेक्रेटरींचा फोन येतो, आणि टँकर चालू असताना पाइप लावून गाडी धुणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. म्हणून शहरातली अनेक कामे वायपर, फिल्टर, बॅटरी अशा कोरड्या प्रकारांवर येऊन थांबली आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात चित्र जरा निराळे. तिथे शेजारीपाजारी कोणीतरी गाड्यांच्या कारखान्यातला निघतोच, आणि ठरल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना उसना मिळतो.

विजेवरच्या गाड्यांत ऑइल, प्लग, फ्यूएल पंप काहीच नाही. नारिंगी आवरणाच्या जाड केबल जीवघेण्या विद्युतदाबाच्या असतात, त्यांच्याजवळ जायचे नाही. टायर, वायपर, केबिन फिल्टर आणि एक साधी बारा व्होल्टची बॅटरी एवढे मालकाकडे उरते. खंडेनवमीला पाने-पक्कड पुसून त्यांना हळद-कुंकू वाहणाऱ्या घरांत आता त्या ताटात मल्टिमीटरही असतो.