धावते वर्णन आणि राजकारण

सामन्याचे धावते वर्णन करताना समालोचकाने राजकीय विषयाला हात घालावा की नाही, हा क्रीडा प्रसारणातील जुना वाद आहे. मुंबईत तो अधिक टोकदार होतो, कारण भारतात क्रिकेटचे समालोचन ज्या स्पर्धेतून सुरू झाले तिचे संघच धर्मावर उभे होते.

१८९२ पासून मुंबईत युरोपियन आणि पारशी संघांचे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये ‘इतर’ हा पाचवा संघ येऊन ती पंचरंगी बनली. १९३४ मध्ये ए. एफ. एस. तल्यारखान यांनी पारशी-मुस्लिम सामन्याचे रेडिओवरून वर्णन केले. भारतातील पहिले क्रिकेट समालोचन म्हणून त्याचा उल्लेख होतो. तल्यारखान दिवसभर एकटेच माइक सांभाळत. पण नुसती धावसंख्या सांगायची तरी संघाचे नाव घ्यावे लागे, आणि त्या नावातच त्या काळचा सर्वांत ज्वलंत राजकीय प्रश्न होता. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी जमातवार संघांना उघड विरोध केला, तरी स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. हिंदू संघाच्या आतही जातीची उतरंड होती. पळवणकर बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. पण ते चांभार समाजातील, म्हणून संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये या अन्यायावरून त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. या सामन्यांची हकिगत सांगताना जात गाळली, तर कर्णधार कोण आणि का, एवढेही श्रोत्याला कळणार नाही.

‘खेळात राजकारण नको’ हे वाक्य मुंबईत वानखेडे स्टेडियमवरून उच्चारले जाते, तेव्हा त्या वास्तूचा इतिहासही आठवायला हवा. तिकीटवाटपावरून ब्रेबॉर्न मैदानाची मालकी असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाद झाला आणि मुंबई क्रिकेट संघटनेने स्वतःचे मैदान बांधले. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते शेषराव वानखेडे संघटनेचे अध्यक्ष होते आणि विधानसभेचेही. पुढे मनोहर जोशी, शरद पवार आणि विलासराव देशमुख यांनीही संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. ऑक्टोबर १९९१ मध्ये पाकिस्तानविरुद्धचा सामना होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी इथली खेळपट्टी उखडली. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानशी क्रिकेटच्या बोलण्यांना विरोध म्हणून शिवसैनिक भारतीय क्रिकेट मंडळाच्या मुंबईतील मुख्यालयात घुसले. त्यानंतर पाकिस्तानी पंच अलीम दार यांना भारत-दक्षिण आफ्रिका मालिकेतून परत बोलावण्यात आले. वसीम अक्रम आणि शोएब अख्तर हे पाकिस्तानी समालोचक मुंबईच्या सामन्याचे समालोचन न करताच मायदेशी गेले. या वेळी राजकारण समालोचकाने आणलेले नव्हते. राजकारणानेच समालोचकाची खुर्ची रिकामी केली होती.

अशा आंदोलनांपेक्षा अधिक काळजीचे आहे ते मंडळाचे राजकारण. भारतीय क्रिकेट मंडळ सामन्यांचे प्रक्षेपण हक्क विकते आणि अनेक समालोचकांशी स्वतःच करार करते. संघनिवड आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचे नाही, अशा अटींमुळे ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार आणि समालोचक इयन चॅपेल यांनी २०१३ मध्ये भारतात समालोचन करायला नकार दिला. २०१६ च्या आयपीएलआधी हर्षा भोगले आणि २०२० मध्ये संजय मांजरेकर मंडळाच्या समालोचक चमूबाहेर गेले. समालोचकाला पगार कोण देतो, हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही. मग तो गप्प बसला तर ती त्याची निवड आहे की करारातली अट, हे घरी बसलेल्याने कसे ओळखावे? प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात म्हटले आहे. त्या लहरींवर मंडळावरील टीका वर्ज्य असणे प्रेक्षकाला फसवणारे आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत आशिया चषकात भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन टाळले. मुंबईकर कर्णधार सूर्यकुमार यादव यांनी विजय सैन्यदलांना अर्पण केला. हे मैदानावर घडले. ते आणि त्यामागचे पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याचे कारण सांगणे समालोचकाचे कामच होते. याउलट, त्याच वर्षी महिला विश्वचषकात पाकिस्तानच्या माजी कर्णधार, समालोचक सना मीर यांनी एका पाकिस्तानी खेळाडूच्या गावाचा उल्लेख करताना ‘आझाद काश्मीर’ (पाकव्याप्त काश्मीरसाठी पाकिस्तान वापरतो ते नाव) म्हटले आणि वाद पेटला. गाव सांगायला त्या दोन शब्दांची गरज नव्हती. घडलेली गोष्ट समजण्यासाठी जेवढे राजकारण लागते तेवढे सांगावे, ही कसोटी दोन्ही प्रसंगांना लागू पडते. वेस्ट इंडिजचे माजी गोलंदाज आणि समालोचक मायकेल होल्डिंग २०२० मध्ये इंग्लंडमधील साउदम्प्टनला वर्णद्वेषावर बोलले, तेही याच कसोटीवर उतरते, कारण त्या सामन्यात खेळाडू मैदानावर गुडघा टेकून निषेध करत होते.

भाषेचा प्रश्नही यात येतो. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील वर्णनाने मराठी क्रिकेटचा शब्दसंग्रह घडवला. दूरचित्रवाणीच्या बाजारात मात्र मराठी मागे पडली आणि मराठी समालोचन हा राजकीय मागणीचा विषय झाला. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमा या ॲपने १२ भाषांत समालोचन दिले, त्यांत मराठी होती. प्रादेशिक भाषांचे समालोचक बहुधा मैदानावर नसतात. स्टुडिओत पडद्याकडे बघत बोलतात. प्रेक्षागृहातला निषेधाचा फलक कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तर तो मराठी समालोचकालाही दिसत नाही.