मिनिट्स वेगळे, एमओएम वेगळा

मीटिंग संपली की कुणीतरी हमखास म्हणतं, "एमओएम टाक रे मेलवर." आणि बोर्डाची बैठक झाली की सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडम विचारतात, "मिनिट्स तयार आहेत का?" एमओएम म्हणजे मिनिट्स ऑफ मीटिंगच, त्यामुळे नवीन माणसाला दोन्ही एकच वाटतात. मी कितीतरी वर्षं दोन्ही लिहितोय. एकाची सवय दुसऱ्यात शिरली की दोन्ही कागद बिघडतात.

मिनिट्स म्हणजे इतिवृत्त. हाउसिंग सोसायटीत त्यालाच प्रोसिडिंग म्हणतात. कंपनीसाठी ते कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ खाली येतं. बैठक संपल्यापासून ३० दिवसांच्या आत ते मिनिट बुकात नोंदवावं लागतं, आणि पानांना ओळीने क्रमांक लागतात. बोर्डाच्या बैठकीचा मसुदा १५ दिवसांत सगळ्या संचालकांकडे जातो. दुरुस्ती सुचवायला त्यांना ७ दिवस असतात. आयता टाइप केलेला कागद आणून बुकात चिकटवलेला चालत नाही. एवढी काटेकोर व्यवस्था का, तर रीतसर ठेवलेलं इतिवृत्त हा कायद्याने पुरावा असतो. बँक कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देताना ठरावाची सर्टिफाइड कॉपी मागते, ती याच बुकातून निघते.

मग त्यात लिहायचं काय? कोण हजर होतं, कोणता ठराव झाला आणि कुणी विरोध केला. कोण काय बोललं याची जंत्री नको. हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या एका नोकरीत नवीन मशीन घ्यायचा विषय होता. एका संचालकांनी जोरात हरकत घेतली, "आधीचं मशीन अर्धा वेळ बंद असतं, दुसरं कशाला?" मी त्यांचं बोलणं जवळजवळ अर्धं पान उतरवलं आणि खाली लिहिलं, "चर्चेअंती ठराव संमत." मसुदा परत आला तेव्हा समासात पेनने एकच ओळ होती: "माझं भाषण आहे, माझा विरोध कुठे आहे?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ठरावाला ज्यांचा विरोध असेल त्यांची नावं इतिवृत्तात यायलाच हवीत, असं कलम ११८ सांगतं. पुढे त्या खरेदीवरून वाद झाला असता तर त्यांच्या बाजूने बोलणारी विरोधाचीच ओळ होती, आणि मी नेमकी तीच गाळली होती.

एमओएमला असा कुठला कायदा लागत नाही. झालेल्या गोष्टीची साक्ष देण्यापेक्षा पुढचं काम हलवणं हे त्याचं काम. इथे इतिवृत्ताची भाषा घातक ठरते. "पॅकिंगच्या खोक्यांबाबत सविस्तर चर्चा झाली, लवकरात लवकर कार्यवाही करावी" असं वाक्य मी पाठवलं आहे, आणि पुढच्या सोमवारी खोकी जिथल्या तिथेच होती. तेच असं लिहायला हवं होतं: "खोक्यांची तीन कोटेशन्स, परचेसमधून अमुक मॅडम, शुक्रवार दुपारपर्यंत." नाव माणसाचं हवं. "परचेस टीम" लिहिलं की काम कुणाचंच राहत नाही.

एमओएमची तयारी मीटिंगच्या आधीच सुरू करावी. अजेंडा हाती आला की मी त्यातल्या प्रत्येक विषयापुढे तीन रिकामे रकाने आखतो: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मीटिंग चालू असताना एखादा रकाना रिकामा दिसला की तिथेच विचारतो, "हे कोण करतंय?" शेवटची पाच मिनिटं राखून यादी मोठ्याने वाचतो. ज्याचं नाव आहे त्याने सगळ्यांसमोर "हो, शुक्रवारी देतो" म्हटलं की त्या मेलला वजन येतं. मेल त्याच संध्याकाळी जायला हवा. दोन दिवसांनी गेलेला एमओएम कुणी उघडत नाही.

बोर्डाच्या बैठकीतूनही कामं निघतात. ती इतिवृत्तात कोंबू नयेत. त्यांची वेगळी यादी करावी, म्हणजे पुढच्या बैठकीत मांडायचा एटीआर (ॲक्शन टेकन रिपोर्ट, म्हणजे केलेल्या कामांचा अहवाल) तिच्यावरून तयार होतो. उलट गोंधळ जास्त धोक्याचा आहे. "एमओएममध्ये आहे ना, मग मंजूरच" असं म्हणून लोक पुढे निघतात. कंपनीने कर्ज काढायचं तर बोर्डाच्या बैठकीत ठराव लागतो, कलम १७९ तसं सांगतं. मेलमधली ओळ त्या ठरावाची जागा घेऊ शकत नाही. तसा हा मेल अगदी बिनकामाचा नसतो. उद्या भांडण झालंच तर तोही कुणीतरी दाखवणारच, म्हणून त्यातही न ठरलेलं काही लिहू नये.

एमओएममध्ये चूक सापडली तर मी त्याच मेलला रिप्लाय ऑल करून दुरुस्ती टाकतो आणि विषय मिटतो. मिनिट बुकात नोंद झाल्यावर मात्र बदल करायचा तर पुढच्या बैठकीत बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून मसुदा बुकात नोंदवण्याआधी मी तो पुन्हा एकदा वाचतो, आणि विरोधाची ओळ आहे ना, हे सगळ्यात आधी बघतो.