पंधरा टक्क्यांचं भांडण आजचं नाही

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. अमेरिकेतली एनआयएच, म्हणजे मेडिकल रिसर्चला पैसा देणारी तिथली सगळ्यात मोठी सरकारी संस्था, तिने नोटीस काढली की सोमवारपासून युनिव्हर्सिट्यांना ग्रँटवरचा ओव्हरहेड, म्हणजे संशोधनाच्या पैशावर वरखर्चासाठी मिळणारी जादा रक्कम, सरसकट १५ टक्केच मिळणार. तोपर्यंत हार्वर्डचा रेट ६९ टक्के होता, येलचा ६७.५. बातमी वाचून बऱ्याच लोकांना वाटलं की शंभरातले ६९ डॉलर युनिव्हर्सिटीच खात होती. तसं नाहीये. प्रोफेसरला प्रयोगासाठी १०० डॉलर मंजूर झाले तर त्याच्या वर ६९ मिळतात, म्हणजे १६९ मधले ६९, आणि तेही मोठ्या मशीनवर किंवा विद्यार्थ्यांच्या ट्यूशनवर लागत नाहीत. एनआयएचनेच त्या नोटिशीत सांगितलंय की २०२३ मध्ये ३५ अब्ज डॉलरच्या ग्रँट्सपैकी सुमारे ९ अब्ज ओव्हरहेडला गेले, म्हणजे साधारण एक चतुर्थांश.

ह्या पैशात काय येतं? उणे ८० डिग्रीचे फ्रीझर रात्रंदिवस चालू ठेवणारी वीज, उंदरांच्या खोल्या, घातक कचऱ्याची विल्हेवाट, पेशंटवर प्रयोग करण्याआधी परवानगी देणारी एथिक्स कमिटी, हिशेब ठेवणारी माणसं. एकाच ग्रँटच्या नावावर टाकता येत नाही असं सगळं.

पण हे सरकारने का द्यायचं, हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठी दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं. त्याआधी फेडरल सरकारचा पैसा युनिव्हर्सिट्यांत जायचा तो मुख्यतः शेतीसाठी, १८६२ च्या मॉरिल कायद्याने जमिनी दिल्या तेव्हापासून. मेडिकल रिसर्च बराचसा रॉकफेलरसारख्या फाउंडेशनांच्या जिवावर चालायचा. १९३७ ला कॅन्सर इन्स्टिट्यूटचा कायदा आला तिथून थोडी सुरुवात झाली. मग युद्धात व्हॅनिव्हर बुश ह्या इंजिनिअरच्या हाताखाली सरकारने नवीन ऑफिस काढलं आणि स्वतःच्या प्रयोगशाळा बांधत बसण्याऐवजी युनिव्हर्सिट्यांना आणि कंपन्यांना कॉन्ट्रॅक्ट दिली. पेनिसिलिनचंच बघा, ऑक्सफर्डहून फ्लोरी आणि हीटली हे शास्त्रज्ञ १९४१ मध्ये बुरशी घेऊन अमेरिकेत आले, इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चमधून उरणारं पाणी वापरून उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं, पुढे तिथल्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर बुरशीची आणखी चांगली जात सापडली, आणि १९४४ पर्यंत औषध सैनिकांना भरपूर मिळायला लागलं.

जुलै १९४५ मध्ये बुशने अमेरिकेच्या प्रेसिडेंटला रिपोर्ट दिला, त्याचं म्हणणं असं की शांततेतही हीच पद्धत ठेवा, मूलभूत संशोधन युनिव्हर्सिट्यांतच होऊ द्या, पैसा सरकारचा, विषय शास्त्रज्ञांचा. पुढची सगळी व्यवस्था ह्याच विचारावर उभी राहिली आणि माझ्या मते ओव्हरहेडचं भांडणही तिथेच आहे, कारण सरकारने स्वतःच्या लॅब बांधल्या असत्या तर वीज, इमारत आणि कारकून त्यालाच पोसावे लागले असते. दुसऱ्याची जागा वापरायची ठरवली की भाडं आलंच.

किती भाडं, यावर मात्र पहिल्यापासून घासाघीस. एनआयएचचा पैसा वाढत होता तरी १९५० च्या सुमाराला ओव्हरहेड ८ टक्क्यांपेक्षा जास्त देत नव्हते, १९५८ ला १५ केले, १९६३ ला २०. म्हणजे हा १५ चा आकडा आधी येऊन गेलेला आहे! १९६६ मध्ये मर्यादाच काढली आणि प्रत्येक युनिव्हर्सिटीशी ऑडिट करून वेगळा रेट ठरायला लागला.

युनिव्हर्सिट्या धुतल्या तांदळासारख्या होत्या असं मुळीच नाही. १९९१ मध्ये स्टॅनफर्डने ओव्हरहेडच्या हिशेबात यॉटचा घसारा आणि युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटच्या घरातली फुलं धरल्याचं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, चौकशीत निघालं, हे प्रेसिडेंट डोनाल्ड केनेडी यांना पद सोडावं लागलं, आणि त्याच वर्षी ओव्हरहेडमधल्या प्रशासकीय खर्चावर २६ टक्क्यांची कमाल मर्यादा बसली. ती अजून आहे. महागाई कितीही वाढो, नियम कितीही वाढोत, त्या भागाला २६ च.

२०१७ मध्ये ट्रम्प सरकारने आधी १० टक्क्यांचा प्रस्ताव आणला होता. काँग्रेसने तो फेटाळला आणि २०१८ च्या खर्च विधेयकात कलमच घातलं की एनआयएचने ही पद्धत बदलायची नाही. २०२५ मध्ये बोस्टनच्या कोर्टाने नोटीस अडवली त्यात हे कलम महत्त्वाचं ठरलं, जज एंजेल केली यांनी मार्चमध्ये तात्पुरती आणि एप्रिलमध्ये कायमची मनाई केली.

तोवर नुकसान सुरू झालं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी मेडिकल स्कूलने मार्चमध्ये पीएचडीच्या दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. इथे आपल्या मुलांचा थेट संबंध येतो. पुण्या-मुंबईतून बायोलॉजीत पीएचडीला जाणाऱ्यांना एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रँट, म्हणजे विद्यार्थ्यांना तयार करण्यासाठीचा पैसा, मिळत नाहीत, त्या फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना असतात, त्यामुळे ही मुलं गाईडच्या रिसर्च ग्रँटवर नाहीतर युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पैशावर असतात, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की युनिव्हर्सिटी ह्याच पैशाला आधी हात लावते. म्हणून घरात कुणी अर्ज करणार असेल तर नुसते रँकिंग बघू नका, गाईडची ग्रँट कुठल्या वर्षापर्यंत आहे ते सरळ विचारा. आणि ते २०१८ चं कलम खर्च विधेयकातलं आहे, त्यामुळे ते दरवर्षी नव्याने घालावं लागतं.