निराश करणारी कथा आणि फसलेली कथा

आवडत्या लेखकाची एखादी कथा वाचून हिरमोड झाला की आपण लगेच म्हणतो, ‘ही काही जमली नाही.’ पण आपला हिरमोड होणं वेगळं आणि कथा फसणं वेगळं. आर्थर कॉनन डॉयल यांच्या गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या दोन कथा शेजारी ठेवल्या की हा फरक लख्ख दिसतो. (दोन्हींचं रहस्य पुढे फुटणार आहे.)

‘द यलो फेस’ १८९३ची. ग्रँट मन्रोची बायको त्याच्यापासून चोरून शेजारच्या कॉटेजमध्ये जाते आणि तिथल्या खिडकीत एक पिवळट, निर्जीव चेहरा दिसतो. होम्सचा तर्क असा, की तिचा पहिला नवरा जिवंत आहे आणि तिला धमकावतोय. प्रत्यक्षात मुखवट्याआड असते तिची लहान मुलगी. तिचे दिवंगत वडील अमेरिकेतले कृष्णवर्णीय गृहस्थ. होम्स साफ चुकतो. शाळकरी वयात मला ही कथा मुळीच आवडली नव्हती. हुशारी बघायला गेलो होतो, ती मिळालीच नाही!

पुढे पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की त्या बाईबद्दल वाईट शंका होम्सइतकीच मीही घेतली होती. होम्सची चूक कधीकधी होते, हे त्याचा मित्र आणि या कथांचा नेहमीचा निवेदक वॉटसन याने सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं. शेवटी मन्रो थोडा वेळ गप्प राहतो, मुलीला उचलून तिचा पापा घेतो आणि दुसरा हात बायकोपुढे करतो. वर्णाबद्दलची त्या काळची भाषा आज खटकते, मुलीला मुखवट्यात ठेवणं तर सहनच होत नाही. तरी इथली निराशा लेखकाने जाणून घडवलेली आहे.

‘द मॅझरिन स्टोन’ १९२१ची, आणि ती मात्र फसलेलीच. डॉयल यांनी आपल्याच एका एकांकिकेवरून ती बेतली आणि रंगमंचाच्या अडचणी तशाच कथेत आणल्या. सगळं एकाच खोलीत घडतं. मुख्य प्रसंगाला वॉटसन हजर नाही. त्याला चिठ्ठी देऊन स्कॉटलंड यार्डला पिटाळलंय. त्यामुळे निवेदन तृतीयपुरुषी, आणि ज्याच्या नजरेने आपण चकित व्हायचं तो माणूसच नाही. आधीची हकिगत बिली नावाचा पोऱ्या बोलून दाखवतो. शेजारच्या खोलीतून ग्रामोफोन वाजतो, तो खलनायकाला होम्सचं खरं व्हायोलिन वाटतो. त्या भरवशावर तो होम्सच्याच घरात चोरलेला हिरा खिशातून काढतो आणि खोलीत ठेवलेल्या स्वतःच्याच पुतळ्याच्या जागी येऊन बसलेला होम्स तो हिसकावतो. कितीही वेळा वाचा, या मूर्खपणामागे काही दडलेलं सापडत नाही.

मला खरं वाईट वाटतं ते त्या पुतळ्याचं. हीच युक्ती डॉयल यांनी १९०३च्या ‘द एम्प्टी हाऊस’मध्ये वापरली होती. तिथे आपण वॉटसनबरोबर समोरच्या अंधाऱ्या घरात दडून बसतो, पडद्यावरची होम्सची सावली पाहतो आणि ती हलली की त्याच्याइतकेच दचकतो. मेणाचा पुतळा हलला कसा? तर होम्सच्या घरमालकीण मिसेस हडसन दर पाव तासाने, आपली सावली पडू नये म्हणून गुडघ्यांवर सरकत जाऊन, त्याची दिशा बदलत होत्या.