ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी : अर्ज करण्याआधी वाचायचं पत्रक

महाराष्ट्रात किंवा गोव्यात एमबीबीएस होऊन ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी हे पत्रक आहे. आम्ही क्लास चालवत नाही, नोकरी लावून देत नाही, व्हिसाचे एजंटही नाही. आमचं काम फक्त कागदपत्रांचं. कोणती लागतात, कोणत्या क्रमाने मागवायची, नाव कुठे जुळत नाही आणि ते कसं जुळवायचं, एवढंच. हे वाचून कुणाला आमची गरज उरली नाही तर उत्तमच.

या पत्रकात जीएमसी म्हणजे ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल. नागपूरचं किंवा बांबोळीचं कॉलेज नव्हे.

पूर्वी लोक थेट जायचे, आता का नाही?

हा प्रश्न बहुधा डॉक्टरांचे वडील किंवा सासरे विचारतात, आणि तो रास्त आहे. त्यांच्या ओळखीतले कुणी काका बोटीने किंवा विमानाने गेले, एडिंबरोहून एफआरसीएस घेऊन आले, वेगळी परीक्षा दिल्याचं कुणाला आठवत नाही. तेव्हा भारतातल्या बऱ्याच वैद्यकीय पदव्यांना जीएमसीची थेट मान्यता होती. ती १९७५ मध्ये काढून घेतली गेली आणि त्याच वर्षी बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी परीक्षा सुरू झाली. तीच परीक्षा पुढे बदलत बदलत आजची प्लॅब झाली. जीएमसी मात्र १८५८ च्या कायद्याने स्थापन झालेली जुनी संस्था आहे आणि आज ती १९८३ च्या मेडिकल ॲक्टखाली चालते.

ब्रिटनमध्ये रुग्ण तपासायचे, औषधं लिहायची, तर दोन गोष्टी लागतात : जीएमसीच्या रजिस्टरमध्ये नाव आणि प्रॅक्टिसचं लायसन्स. नाव लागलं की सात अंकी क्रमांक मिळतो. हे रजिस्टर ऑनलाइन आहे आणि कुणीही, अगदी तुमचा रुग्णसुद्धा, त्यात तुमचं नाव शोधू शकतो. आपल्याकडची एमडी किंवा एमएस पदवी असली तरी तेवढ्यावर तिथल्या स्पेशालिस्ट रजिस्टरमध्ये नाव लागत नाही. त्याचा रस्ता वेगळा. पूर्वी त्याला सीईएसआर म्हणत, नोव्हेंबर २०२३ पासून पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात, आणि ते काम मोठं आहे. या पत्रकात फक्त साध्या पूर्ण नोंदणीबद्दल सांगितलं आहे.

बीएएमएस आणि बीएचएमएस झालेले डॉक्टरही आमच्याकडे चौकशीला येतात. जीएमसीकडे त्यांची नोंदणी होत नाही, इथे कुठला पूरक अभ्यासक्रम केला असला तरी. होते असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

इंग्रजीची परीक्षा

एमबीबीएस पूर्ण इंग्रजीत झालं, मग पुन्हा आयईएलटीएस कशाला, अशी चिडचिड रोज ऐकतो. पदवीच्या आधारे इंग्रजी सिद्ध करण्याची सोय जीएमसीकडे आहे खरी. पण त्यात नुसतं शिकवणं आणि परीक्षा इंग्रजीत असून भागत नाही, रुग्णांशी झालेला किमान ७५ टक्के संवादही इंग्रजीत असावा लागतो. आता ससूनच्या किंवा सोलापूरच्या सिव्हिलच्या वॉर्डात 'मावशी, पोटात कुठं दुखतंय?' असं विचारत ज्याने हिस्ट्री घेतली, त्याने ही अट पुरी केली असं कोण लिहून देणार? आणि कुणी दिलं तर तो खोटा दाखला. तेव्हा परीक्षा द्या.

आयईएलटीएस द्यायची तर ॲकॅडेमिक प्रकारची. प्रत्येक विभागात किमान ७ आणि एकूण ७.५, सगळे एकाच वेळच्या परीक्षेतले. नाहीतर ओईटीची मेडिसिनसाठीची परीक्षा, चारही विभागांत बी ग्रेड. ओईटीत रेफरल लेटर लिहावं लागतं, रुग्णाशी बोलावं लागतं, त्यामुळे ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला ती सोयीची वाटते. आयईएलटीएसच्या निबंधावर कित्येक चांगले डॉक्टर अर्ध्या गुणाने अडकतात. दोन्हींचा निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून पुढची परीक्षा कधी द्यायची हे ठरवूनच ही द्या.

प्लॅब

पहिला भाग लेखी असतो. १८० प्रश्न, तीन तास, प्रत्येक प्रश्नाला एकच सर्वांत योग्य उत्तर. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. केंद्रं भारतातही असतात, मुंबईतही. तुमची नीट-पीजीची तयारी झाली असेल तर ज्ञान पुरेल, पण उत्तरं ब्रिटिश पद्धतीने द्यावी लागतात. तिथली गाइडलाइन आधी काय करायला सांगते, ते विचारतात.

दुसरा भाग प्रात्यक्षिक असतो आणि तो मँचेस्टरलाच द्यावा लागतो. १६ स्टेशनं म्हणजे वेगवेगळे प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं, आत जाण्याआधी दाराशी माहिती वाचायला थोडा वेळ. आत बहुतेक ठिकाणी रुग्णाच्या भूमिकेत नट किंवा नटी बसलेली असते. आपले डॉक्टर इथे ज्ञानात कमी पडत नाहीत, सवयीत कमी पडतात. आपल्या ओपीडीत खुर्चीवर रुग्ण असतो आणि उत्तरं मागे उभा असलेला मुलगा देतो. कॅन्सरचं निदान आधी नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगितलं जातं. मँचेस्टरला हे केलं तर त्या स्टेशनचे गुण गेले. तिथे रुग्णाची माहिती रुग्णाचीच असते, त्याच्या परवानगीशिवाय बायकोलाही सांगायची नाही. रुग्णाला स्वतःला काय वाटतं, कशाची भीती आहे, हे विचारल्याशिवाय औषधाकडे वळायचं नाही. जीएमसीची 'गुड मेडिकल प्रॅक्टिस' ही पुस्तिका फुकट डाउनलोड करता येते. महागड्या नोट्स विकत घेण्याआधी ती वाचा.

परीक्षेला जायला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. अर्जाला जीएमसीकडून आलेलं बुकिंगचं पत्र जोडायचं. पहिल्या भागानंतर दोन वर्षांत दुसरा, आणि दुसऱ्यानंतर दोन वर्षांत नोंदणी मंजूर व्हावी लागते. 'अर्ज केला होता' म्हणून भागत नाही, मंजूर व्हायला हवा.

प्लॅबशिवायही रस्ते आहेत. ज्यांनी तिथल्या रॉयल कॉलेजांची पूर्ण एमआरसीपी, एमआरसीएस यांसारखी मान्य परीक्षा पास केली आहे त्यांना प्लॅब लागत नाही. एमडी-एमएस झालेल्यांना तिथल्या रॉयल कॉलेजांमार्फत प्रशिक्षणासाठी स्पॉन्सरशिपही मिळू शकते, ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. तुमचं पीजी झालं असेल तर प्लॅबची फी भरण्याआधी हे तपासून घ्या.

आता नावाचं

आमच्याकडे येणाऱ्या फायली परीक्षेमुळे फारशा अडत नाहीत. अडतात त्या नावामुळे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. विद्यापीठाच्या मार्कशीटवर बहुधा तसंच. पासपोर्टवर मात्र दोन रकाने : एकात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, दुसऱ्यात आडनाव. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि तिन्ही नावं एकात कोंबलेली असतात. काहींचं वडिलांचं नाव पासपोर्टवर नाहीच, डिग्रीवर आहे. त्यात लग्न झालेल्या डॉक्टरांची आणखी एक तऱ्हा : डिग्री माहेरच्या नावाने, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि काही घरांत पहिलं नावही बदललेलं.

इथल्या कुठल्याही कार्यालयातल्या क्लार्कला हे एकच माणूस आहे हे दिसतं. परदेशातल्या तपासणाऱ्याला ते दिसत नाही, आणि त्याने ते ओळखावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्याच्यासमोर वेगवेगळी नावं आहेत, तो विचारणारच.

आमचा सल्ला असा. पासपोर्टला मूळ धरा, कारण इंग्रजीची परीक्षा, प्लॅब, एपिक (डिग्री तपासणीचं ऑनलाइन खातं, त्याबद्दल पुढे) आणि जीएमसीचं खातं, सगळीकडे पासपोर्टचंच नाव चालतं. पासपोर्टमध्येच गडबड असेल तर ती आधी दुरुस्त करा आणि मगच कुठलंही खातं उघडा. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद. नुसतं स्टॅम्पपेपरवरचं अ‍ॅफिडेव्हिट हा पहिला पुरावा म्हणून आम्ही सुचवत नाही. ते जोडीला असावं. लग्न ठरलेल्या आणि अजून पासपोर्ट न बदललेल्या मुलींना आम्ही स्पष्टच सांगतो : नोंदणी होईपर्यंत पासपोर्टवरचं नाव तसंच ठेवा. घरच्यांना आवडत नाही, पण यातून सहा-सहा महिने वाचतात.

एपिक म्हणजे काय

२०१८ पासून जीएमसी तुमची डिग्री स्वतः तपासत नाही. अमेरिकेतली ईसीएफएमजी ही संस्था ते काम करते आणि त्यासाठी तिचं एपिक नावाचं ऑनलाइन खातं उघडावं लागतं. तुम्ही डिग्रीचं प्रमाणपत्र तिथे चढवायचं, ते ती संस्था डिग्री देणाऱ्याकडे पाठवते, आणि 'हो, ही आमचीच' असं उत्तर तिथून थेट परत जायला हवं. तुम्ही हातोहात नेऊन दिलेला कागद चालत नाही.

मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं, प्रोव्हिजनल नाही. ते अजून घेतलं नसेल तर पहिला अर्ज त्याचा करा. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली झालं. त्याआधी प्रवेश घेतलेल्यांची पदवी मुंबई, पुणे, नागपूर अशा जुन्या विद्यापीठांची असू शकते आणि डीम्ड युनिव्हर्सिटीवाल्यांची त्या त्या संस्थेची. चौकशीची विनंती गेली की कॉलेजच्या विद्यार्थी विभागात जाऊन भेटा, अमुक ईमेल येणार आहे आणि त्याला उत्तर द्यायचं आहे असं नीट समजावून सांगा. तिथल्या माणसाने तो ईमेल जाहिरात समजून बाजूला टाकला तर त्याला दोष देता येत नाही.

रशिया, चीन, फिलिपिन्स, जॉर्जिया इथून एमबीबीएस किंवा एमडी करून आलेल्या मुलांची डिग्री त्या देशातून तपासली जाते. एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांची भारतातली परीक्षा, पास असणं ही जीएमसीची अट नाही. पण ती पास झाल्याशिवाय भारतात इंटर्नशिप मिळत नाही, आणि मान्य इंटर्नशिपशिवाय तिथे पूर्ण नोंदणी सहसा होत नाही.

इंटर्नशिप आणि गुड स्टँडिंग

इंटर्नशिप बारा महिन्यांची असावी आणि कोणत्या विभागात किती दिवस काम केलं हे तारखांसह दाखवता यावं. मेडिसिन आणि सर्जरीची पोस्टिंग विशेष पाहतात. पीजीच्या अभ्यासासाठी वॉर्डात न जाता लॉगबुकवर सह्या मिळवण्याची आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही कुणाचे मास्तर नाही, पण अशा तारखांवर उभा केलेला अर्ज आम्ही हाती घेत नाही. खोटी माहिती उघडकीला आली तर जीएमसी नुसता अर्ज नाकारून थांबत नाही, तुमच्या सचोटीचा प्रश्न पुढेही मागे लागतो.

सर्टिफिकेट ऑफ गुड स्टँडिंग म्हणजे तुमच्यावर कौन्सिलची कारवाई नाही असा दाखला. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे प्रॅक्टिस केली त्या प्रत्येक देशातून तो लागतो. म्हणजे मधली दोन वर्षं ओमानला किंवा मालदीवला होतात तर तिथूनही. तो तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. उत्साहाच्या भरात लोक हाच कागद सर्वांत आधी काढतात आणि प्लॅब होईपर्यंत तो बाद होतो. तो सगळ्यांत शेवटी काढा. मात्र त्याची तयारी आधी हवी : महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि त्याला सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांचे, क्रेडिट पॉइंट लागतात. नूतनीकरण राहिलेलं असेल तर पुढचं सगळं तिथेच थांबतं.

अर्जात तुमच्याविरुद्धच्या तक्रारी, खटले, आजार यांबद्दल प्रश्न असतात. ग्राहक न्यायालयात एखादी केस चालू असेल तर तसं लिहा आणि कागद जोडा. सांगितलेली केस बहुतेक वेळा निभावते.

नोंदणी झाल्यानंतर

क्रमांक मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, आणि आज हे ठासून सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी प्लॅब झाली की लवकर पोस्ट मिळायची. आता एकेका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. प्रशिक्षणाच्या जागांमध्ये ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचं तिथल्या सरकारने जुलै २०२५ च्या आरोग्य योजनेत जाहीर केलं. क्लासच्या जाहिरातींत हे दिसणार नाही. घरावर कर्ज काढून किंवा पीजीची मिळालेली सीट सोडून जाण्याचा विचार असेल तर आधी आमच्याशी नव्हे, गेल्या वर्षभरात तिथे गेलेल्या दोन-तीन डॉक्टरांशी बोला.

नोकरी मिळाली तर हॉस्पिटल स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट देतं आणि त्यावर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा होतो. सुरुवातीला जीएमसीने मान्य केलेल्या ठिकाणीच काम करावं लागतं आणि लायसन्सचं रिव्हॅलिडेशन, म्हणजे फेरतपासणी, साधारण दर पाच वर्षांनी असतं.

पहिल्या भेटीला काय आणायचं

पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र, एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिपचा दाखला, कौन्सिलची नोंदणी आणि नावबदलाचा असेल तो कागद. झेरॉक्स आणा, मूळ प्रती फक्त दाखवायला. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही आणि ठेवून घेणाऱ्या कुणाकडेही देऊ नका. तुमच्या ईमेलचा, एपिकचा किंवा जीएमसीच्या खात्याचा पासवर्डही आम्ही मागत नाही. अर्ज तुम्हीच भरायचा, आम्ही शेजारी बसतो. जीएमसी, ईसीएफएमजी आणि परीक्षांच्या फी तुम्ही तुमच्या कार्डाने थेट भरायच्या. त्या बदलत असतात, म्हणून इथे छापलेल्या नाहीत, त्या दिवशीचा आकडा वेबसाइटवर पाहून सांगतो. आमची फी पहिली फाइल पाहून झाल्यावर ठरते. तुमचं काम तुम्हालाच जमेल असं दिसलं तर तसं सांगतो आणि त्या भेटीचे पैसे घेत नाही.