ऑर्थो पाणी, पॅरा पाणी : बरेच जण विचारतात म्हणून

नमस्कार मंडळी. मालवण-देवगड पट्ट्यात आम्ही घरोघरी फिल्टर बसवतो, सर्व्हिसिंग करतो, आणि हल्ली फिल्टर उघडला की कोणीतरी विचारतंच, पाण्याचे म्हणे दोन प्रकार असतात, ऑर्थो आणि पॅरा, मग तुमच्या मशीनमधून पॅरा पाणी येतं का? नाही येत, आणि कुठल्याच घरगुती मशीनमधून येणार नाही. पण ते दोन प्रकार अगदी खरे आहेत, म्हणून जरा नीट सांगतो.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. प्रत्येकाच्या केंद्रकाला स्पिन असतो, म्हणजे छोट्या चुंबकासारखी एक दिशा असते असं समजा. दोन्ही स्पिन एका दिशेचे तर ऑर्थो, उलटसुलट तर पॅरा. यांनाच स्पिन आयसोमर म्हणतात. साध्या तापमानाला तीन ऑर्थोमागे एक पॅरा असं प्रमाण.

हायड्रोजन वायूतही हेच 3:1, आणि तिथे हे प्रकार खरोखर टिकतात. 1929 मध्ये बोनहोफर आणि हार्टेक या दोन शास्त्रज्ञांनी खूप थंड केलेल्या कोळशावरून हायड्रोजन नेऊन जवळजवळ शुद्ध पॅरा मिळवला (कोळसा म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, तुमच्या फिल्टरच्या कार्बन कार्ट्रिजमध्ये असतो तोच). असा पॅरा हायड्रोजन स्वच्छ सिलिंडरमध्ये, ऑक्सिजन शिरू दिला नाही तर, साध्या तापमानालासुद्धा कित्येक दिवस राहतो. रॉकेटवाल्यांना तर याची फार काळजी घ्यावी लागते, कारण उणे 253 अंशांना द्रव केलेल्या हायड्रोजनमधला ऑर्थो हळूहळू पॅरा होताना एवढी उष्णता सोडतो की टाकी कितीही चांगली असली तरी आतला हायड्रोजन उकळून उडून जातो, म्हणून तो आधीच लोहाच्या ऑक्साइडवरून नेऊन पॅरा करून घेतात.

मग पाण्यात का नाही टिकत? कारण द्रव पाण्यात हायड्रोजन आपल्या रेणूत बसून राहतच नाही, शेजारच्या रेणूत उडी मारतो, आणि ही अदलाबदल सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात होते. जोडीच बदलली की कसला ऑर्थो आणि कसला पॅरा. जर्मनीत हॅम्बुर्गला शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दोन प्रकार वेगळे करून दाखवले, पण निर्वात नळीत, सुट्ट्या रेणूंच्या झोतात. ग्लासात ओतण्यासारखं पाणी नव्हतं ते.

म्हणून स्पिनच्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका, आमच्याच माणसाने मागितले तरी नाही. आपल्याकडचे प्रश्न वेगळेच आहेत: कातळातल्या बोअरचं पाणी बादलीत ठेवलं की पिवळं पडतं ते लोहामुळे, खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात खाऱ्या होतात, आणि पावसात विहिरीत जंतू उतरतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तर बहुतेक घरांना आरओची (क्षार गाळणाऱ्या मशीनची) गरजच नसते, यूव्ही (जंतू मारणारा दिवा) पुरतो. टीडीएस आमचा माणूस तुमच्यासमोर मोजून दाखवेल. जंतू मात्र त्या मीटरवर दिसत नाहीत, त्यासाठी लॅबच, आणि बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, घरातली धुतलेली कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही.